चार डझनाचे बावन्न

आंजर्ले
२२ जून २०२५

विनीत,

वर 'दादा' लिहायला हात गेला होता, आवरला. या पत्रात तरी तुला ते मिळणार नाही.

पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी बोलायला लागले की तू "बरं बरं, क्लासमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या तर अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून कागद.

तो व्हिडिओ काढून टाक. आजच. आधी तो काढ, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

मे महिन्यात तू दरवर्षीसारखा आंब्यांसाठी आलास. ओटीवर आम्ही पेट्या भरत होतो. माझ्या सासूबाई आंबे मोजून देत होत्या, शमिका ते पेटीत लावत होती आणि मी पेंढा पसरत होते. तू खुर्चीत बसलेला, मोबाईल हातात. तुला लहर आली आणि तू भाचीला विचारलंस, "चार डझन म्हणजे किती गं?" तिनं हातातला आंबा खाली न ठेवता सांगितलं, "बावन्न." कसं सांगितलं ते आठवतंय ना? मान वर करून. नऊ वर्षांची पोर, मामा गणिताचा सर, आणि त्या मामानं आपल्याला काहीतरी विचारलं याचाच तिला केवढा आनंद. तू म्हणालास, परत सांग, मोठ्यानं सांग. तिला वाटलं आता शाबासकी मिळणार. तिनं मोठ्यानं सांगितलं. मग तू हसलास, तुझा मुलगा हसला, सगळेच हसले, आणि तू म्हणालास, "आईवर गेलीय."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. तुझं बोलणं गिळायची मला लहानपणापासून सवय आहे. पण तू ते क्लासच्या पानावर टाकलंस, आणि खाली लिहिलंस, 'आपल्या मुलाचं असं होऊ नये म्हणून आजच प्रवेश घ्या.' तुझ्या क्लासच्या बोर्डावर म्हणे 'भीती घालवा, गणित मिळवा' असं रंगवलंय. दुसऱ्यांच्या मुलांची भीती घालवायला तुला माझ्या मुलीचं तोंड मिळालं का?

सोमवारी शाळा सुरू झाली. मोबाईल काय फक्त तुमच्या डोंबिवलीतच असतात? पहिल्याच दिवशी वर्गात तिला नाव पडलं. बावन्न. बावन्न, खडू दे. बावन्न, तुझी पाळी. बुधवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. गुरुवारी चौथीची पहिली चाचणी होती, दहा उदाहरणं. तिनं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि कागद कोरा दिला. तिसरीत याच पोरीला गणितात अ-१ होता. प्रगतिपुस्तक घरात आहे, तुला हवं तर फोटो काढून पाठवते. तू टाकशील का तो तुझ्या पानावर?

समीक्षा


६ जुलै

विनीत,

पत्राला पत्र नाही आलं. सागरच्या मोबाईलवर निरोप आला. माझ्या नवऱ्याला मध्ये घालून तू कळवलंस की "गंमत होती, एवढं काय मनावर घ्यायचं, मुलांना थोडं टोचलं की ती अभ्यास करतात." आणि व्हिडिओ तसाच आहे. अठराशे लोकांनी पाहिला, हेसुद्धा तूच लिहिलंस.

टोचलं की मुलं काय करतात ते मी सांगते तुला, कारण मला तूच टोचलं होतंस.

मी चौथीत, तू आठवीत. दिवेलागणीला पडवीत आपण दोघं पाढे म्हणायचो आणि भाऊ समोर विडी ओढत आपल्या दोन्ही पोरांचं ऐकायचे. तू पावकी-निमकी घडाघडा म्हणायचास. मी सतरापाशी अडायचे. सतरा साते आलं की माझ्या पुढचं सगळं पुसून जायचं. तुला त्यात खेळ सापडला. मी अडले की तू ताट बडवायचास. ते ऐकून शेजारची पोरं कुंपणाशी जमायची, कारण त्यांना ठाऊक होतं की समीक्षा अडलीय. पुढे पुढे तर सतरापर्यंत जायचीसुद्धा गरज उरली नाही. बाराचा पाढा चालू असतानाच माझे कान ताटाकडे लागायचे आणि मी तिथेच अडायचे.

मग एके दिवशी भाऊ म्हणाले, "ऱ्हाव दे तिचा. तिला काय तलाठी व्हायचाय?" दुसऱ्या दिवसापासून पाढ्यांच्या वेळी मी चुलीपाशी. तुला वाटत असेल मी रडले. नाही रडले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि याच गोष्टीचा मला आज सगळ्यात जास्त संताप येतो. नऊ वर्षांच्या मुलीला सुटल्यासारखं वाटावं असं आपल्या घरात काय चाललं होतं, हे कोणी विचारलं नाही.

दहावीला गणितात अठ्ठावीस पडले. रत्नागिरीला नर्सिंगला जायचं माझ्या मनात होतं हे तुला माहीतसुद्धा नसेल. पुढे बचत गटात बायकांनी सचिव हो म्हटलं तर डोकं दुखतंय सांगून घरी आले. अजूनही बाजारात कोणी पटकन हिशेब विचारला की मला ताट ऐकू येतं. हे सगळं तुझ्या त्या हसण्यातून आलेलं आहे. आता माझ्या मुलीची पाळी, आणि तू म्हणतोस गंमत.

शमिका आता बोटं फ्रॉकखाली लपवून मोजते. हर्णैला मासळीच्या लिलावाला गेलो की पूर्वी पाटीत किती पापलेटं ते ती माझ्याआधी सांगायची. परवा गेलो तर ती पाटीकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी राहिली.

व्हिडिओ काढ.

समीक्षा


२४ ऑगस्ट

विनीत,

व्हिडिओ काढलास, कळलं. उपकार मानत नाही. तो आता अर्ध्या गावाच्या मोबाईलमध्ये आहे. तिथून काय तू काढणार?

सागरला लिहिलंस की "तुझ्या बायकोला सांग, हसणारे आम्हीच नव्हतो, शेवटचा आवाज कुणाचा ते नीट ऐक." मला काही ऐकायची गरज नाही. विषय बदलू नकोस.

आज दुसरंच सांगायचंय. तोंडावर गणपती आलेत, घरात शंभर कामं पडलीत, तरी बसलेय, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शाळेत या वर्षी फैझान सर आलेत. दाभोळचे आहेत, तरुण आहेत. शमिकाचा चौथा कोरा कागद मिळाल्यावर ते परवा घरी आले. मला वाटलं, आता हेही काहीतरी ऐकवणार. म्हणून त्यांनी बोलायच्या आधीच मी म्हटलं, "सर, आमच्याकडे बायकांना गणित जमतच नाही. मला पण नव्हतं येत." हे मी नेहमीच म्हणते, पाहुण्यांसमोरसुद्धा, हसत हसत. सरांनी शमिकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताई, हे तिच्यासमोर नका म्हणू." मला राग आला. माझ्याच घरात येऊन मला शिकवतो, असं वाटलं. चहा ठेवायच्या निमित्तानं मी आत गेले आणि दाराआडून ऐकत राहिले.

सरांनी तिला पेन दिलं नाही, पाटी दिली नाही. फक्त विचारलं, "ते बावन्न कसे आले ते मला सांग. बरोबर की चूक ते जाऊ दे." तीन महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, विनीत. तू नाही, शाळेतल्या पोरांनी नाही, कोणीच नाही. तिनं आधी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "आजी बारा मोजते आणि वर एक वाटेचा ठेवते. मग तेरा चोक बावन्न."

माझ्या सासूबाई डझन तसाच मोजतात. मुंबईला पोचेपर्यंत एखादा आंबा दबतो, नासतो, म्हणून प्रत्येक डझनामागे एक जास्त. तो वाटेचा. त्यांच्या सासूनं त्यांना तसं शिकवलं. सासूबाईंना मी विचारलं तर त्या माझ्यावरच उखडल्या, "पोरीचा काय चुकला? गिऱ्हाइकाच्या हातात बारा पोचाय नको? आमच्या घरातला डझन तेराचाच हाय."

सरांनी पुढे विचारलं, पाच डझन? पासष्ट, ती म्हणाली. आणि वाटेचे धरले नाहीत तर? साठ. एवढ्या पटकन, की मला चहात साखर घातली की नाही तेही आठवेना.

म्हणजे ज्या पोरीला तुम्ही हसलात तिनं तेराचा पाढा म्हटला होता. तुझ्या प्रश्नाला बाराचा पुरला असता. तिनं तुझ्या प्रश्नापेक्षा अवघड गणित तोंडी केलं आणि तू ते जाहिरातीला वापरलंस. 'कसं काढलंस' एवढे दोन शब्द विचारायला तुला किती वेळ लागला असता? का विचारत नाहीत तुमच्या क्लासात? फक्त उत्तर जुळलं की पुढचा?

आता ऐक. या घरातून तुला अकरा वर्षं आंबे येतात. दर साली चार डझनाची पेटी. अकरा वर्षं त्या पेटीत बावन्न आंबे असतात. तू गणिताचा सर, आणि अकरा वर्षांत तू एकदाही मोजले नाहीस.

समीक्षा


२६ ऑक्टोबर

विनीत,

गुरुवारी भाऊबीज झाली. तुला बोलावलं नाही, तूही आला नाहीस. पाट मांडला होता, तो संध्याकाळी उचलला. सागर म्हणाला, आता पुरे कर. मी म्हटलं, माझं मी बघेन.

शाळेतलं थोडं बरं आहे. फैझान सरांनी वर्गात सगळ्यांना घरची मोजणी विचारून आणायला लावली. कोळ्यांची पोरं कोडी घेऊन आली, विसाची एक. एकाच्या घरी नारळ जोडीनं मोजतात. शमिकानं तेराचा डझन सांगितला. बावन्न म्हणून हाक मारायचं बंद झालं असं नाही, पण आता दोन-तीनच पोरं मारतात. कागद ती अजून पुरता लिहीत नाही. दहातली चार उदाहरणं लिहिते, उरलेली सोडते. ती येत नाहीत म्हणून नव्हे. ती येतात. लिहून चुकली तर काय, ही भीती आहे. सर म्हणतात वेळ लागेल. मोडायला तुला अर्धं मिनिट लागलं होतं.

पण आज लिहितेय ते यासाठी नाही.

भाऊबीजेला पाट उचलताना शमिकानं विचारलं, मामा का नाही आला. मी म्हटलं, तो तुला हसला ना, म्हणून मीच नाही बोलावलं. मला वाटलं ती खूश होईल. आई आपल्या बाजूनं भांडतेय, बघ. ती पाटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा सगळ्यांनाच हसतो. तू का हसलीस?"

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला नव्हता. तू लिहिलं होतंस तरी पाहिला नव्हता. पहिल्या पत्रात मी 'सगळेच हसले' असं लिहिलं, आठवतंय? लिहिताना मला नीट ठाऊक होतं. शेवटचा, सगळ्यांत लांबलेला आवाज माझा आहे. तू हसून थांबलास, तुझा मुलगा थांबला, सासूबाई तर हसल्याच नाहीत, त्यांना कळलंच नाही की यात हसण्यासारखं काय आहे. मी एकटी हसत राहिले.

का हसले ते सांगते. चार डझन म्हणजे किती, हे मला येत नव्हतं. त्या क्षणी खरंच येत नव्हतं. तू विचारलंस तिला, पण माझ्या कानात ताट वाजलं. ती बावन्न म्हणाली तर मला कळेना की बरोबर आहे की चूक. तू हसलास म्हणजे चूकच असणार, असं धरून मी हसले, आणि मोठ्यानं हसले, म्हणजे मला येतंय असं सगळ्यांना वाटावं. तू माझ्याकडे वळून 'बरं, मग तू सांग' म्हणू नयेस म्हणून मी माझ्या पोरीला पुढे केलं.

अकरा वर्षं त्या ओटीवर मी पेंढाच का पसरते, माहितीय? मोजायला लागू नये म्हणून. सासूबाई वर एक ठेवतात हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. पण मोजण्याकडे माझं लक्षच नसायचं, तिथून मी डोकंच काढून घेतलं होतं. माझं लक्ष असतं तर त्या दिवशी तिथल्या तिथे मी तुला सांगितलं असतं, की बरोबर आहे तिचं, आमच्याकडे डझनाचे तेरा. एवढं एक वाक्य. माझ्या मुलीला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

आणि तेवढ्यानंही भागत नाही. पहिलीपासून ती वही घेऊन आली की मी म्हणायचे, बाबा आले की विचार, मला त्यातलं कळत नाही. डोकं सगळं तुझ्या मामाला दिलंय देवानं. मी ते लाडानं म्हणायचे. मी तिला सांगत होते की या घरात मोजायचं काम दुसऱ्यांचं.

शमिकाला मी उत्तर दिलं. म्हटलं, मला येत नव्हतं म्हणून हसले. ती म्हणाली, "मग विचारायचंस ना मला." एवढंच, आणि आत निघून गेली.

हे वाचून तुला हायसं वाटत असेल तर वाटून घेऊ नकोस. माझी चूक मोठी निघाली म्हणून तुझी कमी झाली नाही. ताट तूच बडवलंस. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, ते मी सोडून दिलं असतं. या मे महिन्यात तू चाळिशीचा होतास.

समीक्षा


१९ एप्रिल २०२६

दादा,

हे पत्र पेटीतच ठेवतेय, वरच्या पेंढ्याखाली. तू तिला लिहिलेलं कार्ड संक्रांतीला पोचलं. 'मी विचारायला हवं होतं' असं तू लिहिलंस, ते तिनं दोनदा वाचलं आणि कंपासपेटीत ठेवलं. माझा राग अजून आहे, तो एका कार्डानं जाण्यातला नाही.

या वर्षी तुझ्या पेटीत बारा-बाराच घालायचे, असं मी ठरवलं होतं. बरोब्बर अठ्ठेचाळीस. तुला पुस्तकातलं गणित पाहिजे तर घे. सासूबाईंनी ऐकून घेतलं. शमिकानं नाही घेतलं. म्हणाली, "वाटेत नासला तर मामाला कमी पडेल." आणि स्वतः मोजायला बसली, सासूबाईंच्या जागेवर. मोठ्यानं मोजत होती. प्रत्येक डझन झाला की एक वर ठेवून "वाटेचा" म्हणायची. झाकणावर तिनं काय लिहिलंय ते तू आता पाहिलं असशीलच, चार डझन बरोबर बावन्न, खाली सही. तिला म्हटलं, मामा ते वाचेल. ती म्हणाली, म्हणून तर लिहिलं.

वार्षिक परीक्षेत दहातली आठ लिहिली. दोन सोडली. सगळं मिटलं असं मी सांगणार नाही.

पेटी उघडलीस की मोज. क्लासातल्या मुलांसमोर मोज, आणि कोणी विचारलं की बावन्न कसे, तर आधी त्यालाच विचार की तुला काय वाटतं.

पेटी बांधायच्या आधी शमिका मला म्हणाली, आई, तू पण मोज. मी म्हटलं, तू मोजलेस ना, झालं. ती हटेना. सासूबाई बघत होत्या, सागर टेम्पो चालू ठेवून बाहेर उभा होता. मी पेंढा बाजूला सारला आणि एकेका आंब्याला हात लावत मोजायला लागले. तिसाच्या पुढे माझे कान त्या ताटाकडे गेलेच. शेवटी माझे एक्कावन्न आले.

शमिका हसली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "परत मोज, आई. सावकाश. टेम्पो थांबेल."

समीक्षा